शुल्क माफ झालं, पण कुणाला?

भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा नाशिक जिल्ह्यात दोनच प्रश्न विचारले गेले. द्राक्षाचं काय झालं? आणि वाइनचं काय झालं? दोन्ही प्रश्न रास्त होते. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं युरोपात बिनशुल्क उतरतात आणि आपल्या द्राक्षावर ऐन हंगामात आठ टक्क्यांच्या आसपास शुल्क बसतं, ही निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराची कित्येक वर्षांची तक्रार. वाइनवाल्यांची धास्ती वेगळी होती. २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं १५० टक्के शुल्क लगेच १०० वर आणि दहा वर्षांत ५० वर आणायचं आपण कबूल केलं होतं. ब्रिटनच्या करारातून वाइन वगळल्याचं कळलं तेव्हा त्यांनी हुश्श केलं.

तिसरा प्रश्न कुणाच्या तोंडी आला नाही. दिवाळी झाली की जिल्ह्याच्या आदिवासी डोंगरपट्ट्यातून, पेठ, सुरगाणा, हरसूलकडून जी माणसं पोराबाळांसकट या बागांमध्ये उतरतात, त्यांचं काय?

मुक्त व्यापार चांगला की वाईट, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. एका बाजूला निर्यातीचे आकडे, दुसऱ्या बाजूला स्वदेशीचा गजर, आणि दोन्हीकडचे वक्ते बहुधा पगारदार. मला एवढंच विचारायचंय, की करारामुळे जे शुल्क वाचतं ते मुरतं कुठे? लंडनच्या सुपरमार्केटात, निर्यातदाराच्या खात्यात, बागायतदाराच्या कर्जात, की खाली बांधावरसुद्धा काही झिरपतं? ते आपोआप झिरपत नाही, हे जगात पुरेसं सिद्ध झालंय. झिरपायचं तर वाट करून द्यावी लागते. आणि ती वाट लंडन-ब्रसेल्सने नव्हे, मुंबईने करायची आहे.

निर्यातीच्या बागेतलं काम जवळून पाहिलं की हे का म्हणतोय ते लक्षात येईल. फळासाठीची गोडी छाटणी झाल्यापासून घड तोडेपर्यंत या वेलीला माणसाचा हात सतत लागतो. डोळ्यांना पेस्ट लावा, फेलफुटी काढा, शेंडा मारा, काड्या बांधा. मग घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवा, तेही एकदा नव्हे. मग विरळणी. बाई हात वर करून मांडवाखाली उभी राहते आणि बारीक कात्रीने घडातले नको ते मणी एकेक करून काढते. मणी १८ मिलिमीटरचा व्हायचा असेल तर शेजारच्या मण्याला जावं लागतं. दिवसभर मान वर, हात वर, आणि मण्याला कात्रीचं टोक लागता कामा नये. लागलं तर तो सडतो आणि घड वाया जातो. याला कुशल काम म्हणायचं नाही, असं आपण का ठरवलंय कोण जाणे. कारखान्यात असंच काम करणाऱ्याला आयटीआयचं सर्टिफिकेट लागतं.

हे काम बहुतेक उक्तं जातं, एकराच्या भावाने. गिरणाऱ्याला सकाळी जो मजुरांचा बाजार भरतो, तिथे पिकअप येऊन थांबते, भाव ठरतो, टोळी चढते. ‘किती जण? जेवण आपलं की मालकाचं? मुक्काम की जाऊन-येऊन?’ पाच मिनिटांत व्यवहार संपतो. कागद नाही, नाव नाही, हजेरी नाही. मुक्कामी टोळी असली तर बागेच्या कडेला प्लास्टिकचं पाल, नाही तर औषधांच्या गोडाऊनची पडवी.

आता याच बागेच्या दुसऱ्या कागदांकडे पाहा. युरोपात जाणाऱ्या प्रत्येक बागेची अपेडाकडे, म्हणजे केंद्राच्या शेतमाल-निर्यात प्राधिकरणाकडे नोंदणी असते. २००६ पासून ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे. प्लॉटला नंबर, फवारणीची वही, तोडणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा दाखला. रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीवरून ती नाशिकच्या कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटातली आहे, हे काढता येतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. कोट्यवधींचा फटका बसला, बागायतदार रडकुंडीला आले. पण पुढच्या हंगामापासून त्या रसायनाची तपासणी यादीत आली आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंत आपण मोजतो. मण्यावर काय उरलंय ते मोजायला यंत्रणा आहे. मणी विरळणाऱ्या बाईला दिवसाचे किती पडले, ते मोजायला नाही. तंत्रज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. पहिली गोष्ट गिऱ्हाईकाने मागितली, दुसरी कुणी मागितली नाही, म्हणून.

मेक्सिकोची गोष्ट यासाठी सांगायला हवी. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. आम्हाला माल पाठवायचाय, माणसं नाही, असा मेक्सिकोचे अध्यक्ष सालिनास यांचा तेव्हाचा युक्तिवाद होता. व्यापार वाढेल, घरीच रोजगार मिळेल, लोक सीमा ओलांडायचे थांबतील. झालं उलट. अमेरिकेत अनुदानावर पिकलेला मका मेक्सिकोत येऊ लागला. मक्याला पंधरा वर्षांचं संरक्षण कागदावर होतं, पण सरकारने स्वतःच कोट्याबाहेरचा मका बिनशुल्क येऊ दिला. जिरायती मका पिकवणाऱ्याला शेती परवडेना. त्यातच १९९४ च्या डिसेंबरात पेसो कोसळला. १९९० मध्ये अमेरिकेत मेक्सिकोत जन्मलेले सुमारे ४३ लाख लोक होते, २००० मध्ये ते ९० लाखांच्या पुढे गेले. सगळा दोष करारावर टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पेसोचा वाटा मोठा होता आणि अमेरिकेला तेव्हा हात हवेच होते. पण ‘करार झाला की स्थलांतर थांबतं’ हे आश्वासन निदान पहिल्या दशकात तरी साफ खोटं ठरलं.

माझ्या दृष्टीने त्याहून बोलका आहे तो सान किंतिन. ओआहाका या दक्षिणेच्या डोंगराळ राज्यातले मिश्तेक आणि त्रिकी आदिवासी सीमेपर्यंतही पोचले नाहीत. ते आपल्याच देशातल्या बाहा कॅलिफोर्नियात, सान किंतिनच्या खोऱ्यात स्ट्रॉबेरी आणि टोमॅटो तोडायला थांबले. माल अमेरिकेच्या सुपरमार्केटांसाठी, बिनशुल्क. मजूर आदिवासी, भाषा वेगळी, राहणं छावण्यांमध्ये. मार्च २०१५ मध्ये ऐन तोडणीत हजारो मजुरांनी काम बंद केलं, रस्ते अडवले. करार होऊन एकवीस वर्षं झाली होती, निर्यात कित्येक पटींनी वाढली होती, आणि मागणी काय होती? मजुरी वाढवा, विमा द्या, बायकांची छेड थांबवा. ओआहाकाच्या जागी सुरगाणा वाचा आणि स्ट्रॉबेरीच्या जागी थॉमसन द्राक्ष. फार बदल करावे लागणार नाहीत.

आपल्याकडचा डोंगर तर करार व्हायच्या आधीपासूनच रिकामा होतोय. सुरगाणा-पेठमध्ये पाऊस धो धो पडतो आणि फेब्रुवारीत हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं. भात, नागली, वरई निघाली की शेतात दुसरं पीक नाही, कारण पाणी नाही. रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, पण हमीचा पैसा महिन्यांनी येतो आणि मुकादमाची उचल रोख मिळते. मग गाव उतरतं. तेव्हा करारामुळे हे लोक उठले, असं मी म्हणणार नाही. मी म्हणतो, करारामुळे द्राक्षाची बाजारपेठ जशी वाढेल, तसं हे उतरणं पक्कं होत जाईल. निर्यातीची बाग आणि रिकामं गाव ही एकाच हंगामाची दोन टोकं आहेत. करार लिहिणाऱ्यांनी त्यातलं एकच पाहिलं.

खरं तर करारात माणसांविषयी काहीच नसतं असं नाही. ब्रिटनच्या करारात आहे. कराराच्या जोडीने झालेल्या समझोत्यानुसार, कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ठरावीक काळापर्यंत तिकडचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता माफ आहे. योगशिक्षक, शेफ आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० जणांना वाट करून दिली आहे. चांगलंच आहे. पण यावरसुद्धा तिकडे केवढा गहजब झाला! ब्रिटिश कामगाराला महाग आणि भारतीयाला स्वस्त केलं, अशी विरोधकांनी बोंब ठोकली. माल मोकळा, भांडवल मोकळं, शिकलेला माणूस अर्धा मोकळा आणि हाताने काम करणारा पूर्ण बंद, असा हा क्रम आहे. नाफ्टातही तोच होता. व्यावसायिकांना खास व्हिसा होता, मका पिकवणाऱ्याला वाळवंट.

आणि राजकारण? ते इथेच शिजतं. १९९२ च्या निवडणुकीत रॉस पेरो सांगत होते की या कराराने नोकऱ्या दक्षिणेला ओढल्या जातील. लोक हसले. पुढे चीनचा माल आला आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियातली गावंच्या गावं बसली. २०१६ मध्ये या तीन राज्यांतल्या ८० हजारांहून कमी मतांच्या फरकाने अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. ज्याचा कारखाना गेला त्याला सांगितलं गेलं होतं की देशाचा एकूण फायदा झालाय. झालाही असेल. पण ‘एकूण’ नावाचा माणूस त्याच्या गल्लीत राहत नव्हता. मग त्याला दाखवायला एक सोपा शत्रू मिळाला, सीमा ओलांडून आलेला मजूर. खरं तर दोघेही एकाच कराराने हलवलेले.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. नाशिकने याची आवृत्ती फेब्रुवारी २००८ मध्ये पाहिली आहे. उत्तर भारतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं, सातपूर-अंबडमधले हजारो कामगार गाड्या भरून निघून गेले, आणि आठवड्याभरात कारखानदार हवालदिल झाले. पुढच्याच वर्षी शहरातल्या तीन विधानसभा जागा मनसेने जिंकल्या, २०१२ मध्ये महापौरही त्यांचा झाला. मराठी पोराला कायम नोकरी मिळत नाही, हे दुखणं खरं होतं. आजही आहे. पण ती नोकरी बिहारच्या पोराने नेली नव्हती. ती कंत्राटात विरघळली होती. मालाची स्पर्धा जगाशी सुरू झाली तेव्हा खर्च वाचवण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कायम कामगार, हे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कळून चुकलं होतं. या वाक्यावर मोर्चा काढता येत नाही, परप्रांतीयावर काढता येतो.

सुरगाण्याचा मजूर तर परका म्हणून मार खाण्याइतकाही दिसत नाही. तो मराठी, तो याच जिल्ह्यातला, त्याच्याविरुद्ध कुणाचं काही नाही. आणि त्याच्या बाजूनेही कुणी नाही. दिंडोरी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यात निफाड, येवला, चांदवडचा बागायतदार आहे आणि कळवण-सुरगाणा, पेठचा मजूरही. एकाच यंत्रावर दोघांचं बटण. २०२४ ची निवडणूक तिथे कशावर झाली? कांद्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, आणि मे महिन्यातल्या मतदानात केंद्रीय राज्यमंत्री लाखाहून अधिक मतांनी पराभूत. (हा घाव कोणत्या मुक्त व्यापार कराराने घातलेला नव्हता, आपल्याच सरकारने घातला होता, हे करारविरोधकांनीही लक्षात ठेवावं.) शेतकऱ्याचा राग मतपेटीतून दिसला आणि ते योग्यच झालं. पण त्या बंदीत कांद्याच्या खळ्यावर निवड करणाऱ्या बायकांचा रोज बुडाला, त्याचा उल्लेख मी त्या प्रचारात ऐकला नाही. या मजुरांचा आवाज राज्याला ऐकू आला तो मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या लाँग मार्चमध्ये. पण तेव्हाही मागणी वनजमिनीच्या पट्ट्याची होती, मजुरीची नाही. त्यांना विचारलंत तर तेही स्वतःला शेतकरीच म्हणतील. मजुरी ही त्यांच्या लेखी आयुष्याची ओळख नाही, हंगामाची अडचण आहे.

कायद्याचीही गंमत आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. नावाप्रमाणे तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. सुरगाण्याचा माणूस कंत्राटदाराबरोबर शेजारच्या गुजरातेत गेला तर निदान कागदावर त्याला नाव होतं, दिंडोरीत आला तर नव्हतं. नव्या कामगार संहितेतही स्थलांतरित म्हणजे आंतरराज्यच.

मग करारातच कामगारांची कलमं घाला, असं युरोपातले पुष्कळ लोक सांगतात. त्याला भारताचा विरोध जुना आहे. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत आपण आणि इतर विकसनशील देशांनी कामगार मानकं जागतिक व्यापार संघटनेच्या बाहेर ठेवायला लावली, कारण ती मजुराच्या कळवळ्याने नव्हे तर आपला माल अडवायला वापरली जातील, अशी भीती होती. ही भीती खोटी नव्हती. पण त्यानंतर मेक्सिकोत एक प्रयोग झाला. नाफ्टाच्या जागी २०२० मध्ये आलेल्या करारात अशी तरतूद आहे की कामगारांचा संघटनेचा हक्क डावलला तर त्या एका कारखान्याच्या मालाची सवलत काढता येते, अख्ख्या देशाची नाही. सिलाओच्या जनरल मोटर्समध्ये २०२१ साली ती वापरली गेली. २०२२ मध्ये कामगारांनी जुनी मालकधार्जिणी युनियन नाकारून नवी निवडली आणि साडेआठ टक्के वाढ मिळवली. म्हणजे कलम नीट लिहिलं तर दात असलेलं लिहिता येतं. ब्रिटनशी झालेल्या करारात कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे खरं, पण ते सदिच्छांचं आहे, त्यावर तंटा नेता येत नाही.

तरीही दिंडोरीच्या बाईची मजुरी परक्या राजधानीने तपासावी, हे मला पटत नाही. तपासणी आली की ती बागायतदाराच्या मानेवर येणार. सुपरमार्केट भाव वाढवून देणार नाही, वर सर्टिफिकेटाचा खर्च शेतकऱ्याकडून काढणार. आणि हा शेतकरी काही सावकार नव्हे. गारपीट, कर्ज, माल उचलून पैसे न देता पसार होणारा व्यापारी, तांबडा समुद्र टाळून जहाजं वळवली की वाढणारं भाडं, हे सगळं त्याच्याच अंगावर येतं. त्याला म्हणायचं की आता तूच मजुराचं भलं कर, हे दुबळ्याने दुबळ्याला ओझं देणं झालं.

उपाय आपल्या घरात आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालक रोज बदलतो, काम तुकड्यातुकड्याने होतं, कुणी कुणाचा नोकर नाही, अशा हमालांसाठी मंडळ स्थापलं. काम देणारा मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, रजा. विरळणीच्या टोळीचं काम याहून वेगळं कुठे आहे? ऊसतोड कामगारांसाठी टनामागे दहा रुपयांचा हिशेब राज्याने मांडलाच आहे. द्राक्षाला तो का नाही?

लेव्ही म्हटलं की नाशिककर दचकेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाई-वाराईच्या कपातीवरून बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव किती दिवस ठप्प होते, हे सगळ्यांना आठवतं. भांडण कपात कुणाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून करायची यावर होतं आणि मधल्या मध्ये शेतकऱ्याचे ट्रॅक्टर उभे राहिले. माथाडी मंडळांत बोगस नोंदण्या आणि दंडेली शिरली, हेही खरं. म्हणून द्राक्षाची लेव्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही. ती निर्यातदाराकडून घ्यायची, आणि नव्या खर्चातून नव्हे, करारामुळे वाचणाऱ्या शुल्कातून. आठातला अर्धा-एक टक्का. शुल्क माफ होण्याआधीही निर्यातदार व्यापार करतच होता. त्या पैशातून बागेतल्या टोळ्यांची नोंद, अपघात विमा, मुक्कामाच्या गावी पाळणाघर, आणि पोरांची शाळा दोन्हीकडे चालू राहील अशी हजेरीची सोय.

वसुली कुठे करायची हाही प्रश्न नाही. कंटेनर पॅकहाऊसमध्ये भरतो. तिथे प्लॉटचा नंबर आहे, वजन आहे, प्रयोगशाळेचा दाखला आहे, बिल आहे. फवारणीच्या वहीशेजारी टोळीची वही ठेवायची. कोण आलं, किती एकर, किती दिवस, किती दिले. बागायतदार ही नोंद ठेवतोच, खिशातल्या डायरीत, उचलीच्या हिशेबासाठी. सध्या त्या डायरीत मुकादमाचं नाव असतं आणि पुढे ‘१४ माणसं’ असा आकडा. पुढच्या गोडी छाटणीपासून त्या आकड्याच्या जागी चौदा नावं लिहायला लावणं, हे अपेडाच्या एका परिपत्रकाचं आणि राज्याच्या कामगार खात्याच्या एका अधिसूचनेचं काम आहे.